ससूनचा इतिहास हिवऱ्यापासून सांगा



पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या जुन्या दगडी इमारतींच्या जतनाविषयी आपल्या वृत्तपत्राच्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. इमारती जपायला हव्यात, त्यात वाद नाही. पण वारसा म्हटला की पुण्याच्या लेखकांची गाडी ठरलेल्या तीनच थांब्यांवर थांबते: डेव्हिड ससून यांची देणगी, १८६७ सालची विल्किन्स यांची वास्तू आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी केलेली गांधीजींची ॲपेंडिक्सची शस्त्रक्रिया. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम उरकले, हेही आता सर्वांना पाठ आहे.

त्याच्या आधीचे काय? ससूनची कोनशिला बसली १८६३ मध्ये. तिच्या कितीतरी आधी सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती पिकत होत्या त्या आमच्या जुन्नर तालुक्यात, हिवऱ्याला! कंपनी सरकारचे सर्जन डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८३८ मध्ये दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक झाले. हिवऱ्याची बाग त्यांच्याच देखरेखीखाली होती. सोनामुखी, खुरासानी ओवा अशा वनस्पती तिथे लावल्या जात आणि तयार माल मुंबईच्या सरकारी औषध भांडारात जाई. विलायतेहून बोटीने येणारे महागडे औषध कमी मागवावे लागावे, हा त्यामागचा सरळ हिशेब. हेच गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हे त्यांनी त्या काळी सरकारला लिहून कळवले होते. आज सह्याद्रीत प्लॉट पाडणाऱ्यांना ते कोण सांगणार? १८६७ मध्ये, म्हणजे ससून उभे राहिले त्याच वर्षी ते वारले.

गिब्सन यांच्या काळात दापोडीच्या बागेतल्या झाडांची एका अनामिक चित्रकाराने काढलेली चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. ती तिकडे जपली जातात आणि इकडे हिवऱ्याचा उल्लेख पुरवणीभर मजकुरात एका ओळीतही नाही. ज्या तालुक्यात औषध पिकले त्याचे नावच गाळायचे, तर त्याला पुणे जिल्ह्याच्या वैद्यकाचा इतिहास कशाला म्हणायचे? शहराचा इतिहास म्हणा.

आमच्या वाट्याला आलेला वारसा म्हणजे डॉक्टरांचे दोन शब्द: ‘ससूनला न्या’. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे, घोडेगाव, नारायणगाव आणि जुन्नरला ग्रामीण रुग्णालये आहेत. तरी बाळंतपण अडले, डोक्याला मार लागला की १०८ पुण्याच्या रस्त्याला लागते. गांधीजींना येरवड्याहून आणले, ते अंतर चार-पाच किलोमीटरचे. जुन्नरहून ससून नव्वद किलोमीटर, आहुप्याहून शंभराच्या वर. आमच्याकडे बिबट्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, उपचारही तिथेच होतात; त्याने फाडलेला माणूस मात्र गंभीर असला की पुण्याला. बिबट्याबद्दल राग नाही, पण हा क्रम कुणी ठरवला? त्यात चाकणच्या कोंडीत ॲम्ब्युलन्सचा भोंगा नुसता वाजत राहतो. मंचर आणि खेडचे बाह्यवळण झाले, त्यातून वाचलेला वेळ चाकणला जातो.

दगडी इमारतींच्या डागडुजीसाठी पैसा मिळतो तसा तो आमच्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञ नेमायलाही मिळायला हवा. इमारत की डॉक्टर, असा पेच टाकणाऱ्यांचे मला पटत नाही. सरकारला दोन्ही जमले पाहिजे.

माझी मागणी साधी आहे. ससूनच्या इतिहासाचा फलक लावाल तेव्हा त्यावर हिवऱ्याचे आणि डॉ. गिब्सन यांचे नाव घाला. हिवऱ्यातल्या बागेच्या जागेची पुरातत्त्व व वन खात्याने एकत्र पाहणी करावी. आणि आपल्या प्रतिनिधीला पुढच्या वेळी ससूनवर लिहायचे असेल, तर एकदा नारायणगावापर्यंत येऊ द्या.

– एक वाचक, नारायणगाव (ता. जुन्नर)