बूस्टर पंप घेताय? आधी ड्रिपर मोजा

उन्हाळा तोंडावर आला की दोन बातम्या हमखास येतात. एक, कुठल्या तरी महापालिकेने नळाला थेट लावलेल्या मोटरी जप्त केल्या. दुसरी, फ्लॅटमधल्या एका खोलीत लेट्यूस, पालक पिकवणाऱ्या कुणाची तरी यशकथा. आपण दोन्ही वेगवेगळ्या समजून स्क्रोल करतो. पण दुसऱ्या बातमीतल्या पालकासाठी घेतलेला पंप सहज पहिल्या बातमीत जाऊन बसू शकतो.

त्यात बाजारही बदललाय. 22 सप्टेंबर 2025 पासून ठिबकच्या सामानावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. पाण्याचे पंप मात्र जुलै 2022 मध्येच 12 वरून 18 टक्क्यांत गेले होते. म्हणजे नळ्या आणि ड्रिपर स्वस्त, आणि पंप हा सगळ्यात महाग तुकडा. तोच आपण सगळ्यात कमी विचार करून घेतो.

माझ्या एका मित्राने मध्यंतरी लिंक पाठवली, अर्धा एचपीचा बूस्टर पंप. सोबत एकच ओळ, "हा घेऊ का?" मी विचारलं, किती लिटर आणि किती प्रेशर हवंय? उत्तर आलं, "रिव्ह्यू चांगले आहेत रे."

मुळात 'बूस्टर पंप' सर्च केलं की तीन वेगळ्या वस्तू समोर येतात. पहिली, आरओ मशीनमधला 24 व्होल्टचा डायफ्राम पंप. प्रेशर भरपूर देतो, पण पाणी मिनिटाला फार तर लिटरभर. त्यावर लिहिलेलं 100 जीपीडी म्हणजे दिवसाला साधारण 378 लिटर, आणि तो आकडाही मेम्ब्रेनमधून निघणाऱ्या शुद्ध पाण्याचा असतो. दुसरी, शॉवरला जोर यावा म्हणून टाकीच्या लाइनवर बसवतात तो. तिसरी, नळातून पाणी खेचणारी मोटर, जिला लोक सरसकट टुल्लू म्हणतात. तिन्हींच्या फोटोखाली 'गार्डनसाठी उत्तम' लिहिलेलं असतंच.

आता मित्राचाच हिशोब घ्या. गच्चीवर 60 ग्रो बॅग, प्रत्येकीला ताशी 4 लिटरचा एक ड्रिपर. झाले तासाला 240 लिटर, म्हणजे मिनिटाला 4. टाकी गच्चीपासून दोन मीटर उंच. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार प्रेशर मिळतं, म्हणून टाकीचं प्रेशर जेमतेम 0.2 बार. सर्वसाधारण ड्रिपरवर लिहिलेला प्रवाह एक बारला धरलेला असतो. फिल्टर आणि नळीतलं नुकसान धरून दीड बार पकडू. म्हणजे बूस्टर हवाय हे खरं. पण किती मोठा?

सूत्र सोपं आहे. मिनिटाचे लिटर गुणिले बार, भागिले 600, की किलोवॅट मिळतात. 4 गुणिले 1.5 भागिले 600 म्हणजे 0.01 किलोवॅट. दहा वॅट! एलईडी बल्बइतकं काम. छोटे पंप फार कार्यक्षम नसतात, त्यामुळे पाव कार्यक्षमता धरली तरी 40 वॅट पुरतात. अर्धा एचपी म्हणजे 373 वॅट.

"जास्त पॉवर असली तर बिघडलं कुठे?" असं वाटेल. बिघडतं. लिस्टिंगवर 'हेड 30 मीटर, फ्लो 40 लिटर' असं लिहिलेलं असतं. हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. 40 लिटर मिळतात ते उंची शून्य असताना, आणि 30 मीटर मिळतात ते पाणी पूर्ण अडवल्यावर. मधल्या प्रत्येक प्रेशरला किती पाणी मिळेल ते पंपाच्या कर्व्हवर कळतं. तो ग्राफ चांगल्या कंपन्या देतात. जिथे नाही, तिथून मी तरी घेणार नाही. तर मिनिटाला फक्त 4 लिटर घेणाऱ्या ठिबकला असा पंप जोडला की तो जवळजवळ अडवलेल्या अवस्थेत चालतो. लाइनमध्ये तीन बारच्या आसपास प्रेशर चढतं आणि 16 मिमी नळीचे जॉइंट निसटायला लागतात. प्रेशर स्विच असेल तर पंप सतत चालू-बंद, चालू-बंद. कोड लिहिणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल, थ्रेशोल्डच्या काठावर फडफडणारा सेन्सर. छोटी प्रेशर टाकी लावली की ती फडफड थांबते.

याच्या उलटा घोळ बाल्कनीत होतो. शॉवरवाल्या पंपात बहुधा फ्लो सेन्सर असतो, आणि मिनिटाला साधारण एक ते दोन लिटर पाणी वाहिल्याशिवाय तो पंप सुरूच करत नाही. तुमच्या 15 कुंड्यांना ताशी 2 लिटरचे ड्रिपर असतील तर एकूण प्रवाह मिनिटाला अर्धा लिटर. पंप नवा, वायरिंग बरोबर, तरी हलत नाही! मग एक स्टार आणि 'खराब माल' असा रिव्ह्यू. अशा ठिकाणी टायमरवर चालणारा छोटा डायफ्राम पंप बरा. मात्र तो सलग किती वेळ चालवता येतो ते आधी वाचा, हे पंप तापतात.

घरातल्या हायड्रोपोनिक्सचं गणित तर आणखी वेगळं. पाइपमधून पोषणद्रव्याचं पाणी फिरवणाऱ्या रॅकमध्ये 12 चॅनेल आणि प्रत्येकी मिनिटाला दीड लिटर धरले तर 18 लिटर लागतात, पण चढवायचे असतात फक्त दोन-अडीच मीटर. इथे बूस्टर नकोच. टाकीत बुडणारा 40 वॅटचा साधा पंप पुरतो. मोठा पंप इथे खरा त्रास देतो तो उष्णतेने. अर्धा एचपीची सगळी ऊर्जा 100 लिटर पाण्यात उतरली तर ते तासाला तीन अंशांनी तापतं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसात. एप्रिलमध्ये आपल्याकडे पाणी आधीच कोमट, त्यात ही भर. मुळं सडायला लागतात आणि लोक खताची बाटली बदलत बसतात. शिवाय पोषणद्रव्याचं पाणी किंचित आम्लधर्मी आणि क्षारांचं असतं, त्यामुळे लोखंडी किंवा पितळी भाग टाळा. प्लॅस्टिकचं इम्पेलर उत्तम.

मुळांवर धुक्यासारखं पाणी फवारणाऱ्या एरोपोनिक्सला मात्र साडेपाच ते सात बार लागतात. तिथे आरओवाल्या जातीचा पंप शोभतो, सोबत चांगला फिल्टर हवा.

आता ती जप्तीची बातमी. पंप कुठलाही घ्या, त्याचं तोंड तुमच्या टाकीला हवं, नळजोडाला नाही. थेट मोटर लावायला महापालिका मनाई करतात ती उगाच नाही. पाइपातलं प्रेशर सगळ्या गल्लीचं असतं. एकाने खेचलं की शेवटच्या घराचा नळ सुकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे पाइपात उलटा ताण तयार होऊन गळक्या जॉइंटमधून बाहेरचं घाण पाणी आत येऊ शकतं. मार्च 2024 मध्ये बंगळुरूच्या जलमंडळाने बागकामाला पिण्याचं पाणी वापरायलाच बंदी घातली, 5,000 रुपये दंड लावला. मला सरसकट बंदी पटत नाही, कारण तेच पाणी फिरवणारा रॅक साध्या कुंड्यांपेक्षा पाणी वाचवतो. पण शेजाऱ्याच्या हंड्यातलं पाणी ओढून पालक पिकवायचा हक्क कुणालाच नाही.

आणि तशी गरजही नसते. मित्राचं ठिबक रोज अर्धा तास चालतं, म्हणजे 120 लिटर. 200 लिटरचा एक ड्रम आणि त्यात फ्लोट व्हॉल्व्ह. टाकीच्या आउटलेटमधून तो आपोआप, कुठल्याही मोटरीशिवाय भरतो, आणि 40 वॅटचा पंप त्यातून ओढतो. पाणी संपल्यावर पंप कोरडा चालू नये म्हणून ड्रमच्या तळाशी एक लेव्हल स्विच. ड्रम काळा किंवा निळा घ्या, पांढऱ्यात शेवाळ धरतं. झाकण घट्ट हवं, नाहीतर पालकाआधी डासांचं पीक येईल.