साथीचे मूळ शोधू नये काय?

‘ऋषीचे कूळ व नदीचे मूळ शोधू नये’ ही म्हण आपण वाडवडिलांच्या तोंडून ऐकत आलो आहोत. ऋषी आणि नदी यांच्यापुरती ती शहाणपणाची असेलही. परंतु साथीच्या रोगाचे काय? त्याचे मूळ शोधावे की शोधू नये, आणि शोधावयाचे तर कोणत्या मनाने, ह्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

ह्या लेखाचे निमित्त असे घडले. वर्गात वादविवादासाठी विषय ठेवला होता : ‘कोरोनाचा विषाणू निसर्गातून आला की प्रयोगशाळेतून?’ दोन्ही बाजूंचे विद्यार्थी त्वेषाने बोलले, टाळ्याही पडल्या. शेवटी मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, पण खरे काय?” तेव्हा मला माझीच एक चूक आठवली. २०२० साली शाळा बंद असताना दूरध्वनीवरून घेतलेल्या एका तासाला, ‘हा विषाणू म्हणजे मुद्दाम बनविलेले शस्त्र आहे’ असे मी ठामपणे सांगून मोकळा झालो होतो. आधार काय, तर कोणीतरी पुढे धाडलेला एक संदेश! शिक्षकाने सांगितले म्हणून मुलांनी ते घरी सांगितले असणार. ती चूक आज लेखी दुरुस्त करणे मी माझे कर्तव्य समजतो.

मूळ शोधण्याचा हा वाद नवा नाही. त्याचे एक उदाहरण तर आपल्या डिचोली-पेडण्याच्या शिवेवर येऊन ठेपले आहे. ते म्हणजे माकडताप. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने अंथरुणास खिळली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने रोगाचा विषाणू शोधून काढला. रशियाच्या थंड अरण्यांत मेंदूज्वर उत्पन्न करणाऱ्या विषाणूंच्याच कुळातला तो निघाला, आणि तर्काला पाय फुटले. हा विषाणू इतक्या दूर आला कसा? उत्तरेकडून हिवाळ्यात येणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांनी तर तो आणला नसेल?

तर्क अगदीच वेडा नव्हता. म्हणून थोर पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली व मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी हजारो पक्षी पकडून, त्यांच्या पायांत कडी घालून, त्यांच्या अंगावरील गोचिडे तपासण्याचा उद्योग आरंभिला. प्रारंभी त्यास जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य होते. पुढे त्यात अमेरिकन लष्कराचा पैसा आला आणि संशयाने उलट दिशा धरली. हे संशोधन म्हणजे जंतुयुद्धाची तयारी तर नव्हे, असा प्रश्न वृत्तपत्रांतून निघाला आणि १९७४-७५ च्या सुमारास संसदेच्या लोकलेखा समितीनेही त्यात लक्ष घातले. एकाच रोगाविषयी प्रथम रशियाकडे बोट आणि मग अमेरिकेकडे!

पुराव्याने मात्र निराळीच दिशा दाखविली. पक्ष्यांनी हा विषाणू परदेशातून आणला असे सिद्ध झाले नाही. उलट १९५२ च्या पाहणीत सौराष्ट्र-कच्छातील काही लोकांच्या रक्तात ह्याच गटाच्या विषाणूंविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली होती. म्हणजे शिमोग्याची साथ ध्यानात येण्यापूर्वीच ह्या कुळाचे अस्तित्व आपल्या देशात असावे. आज बहुतेक जाणकार असे मानतात की विषाणू रानातच होता. गोचिडे व रानातील लहानसहान प्राणी यांच्यात तो गुपचूप फिरत होता. माणसाने रान तोडले, गुरे आत नेली, आणि तो आपल्या वाटेत आला, किंबहुना आपण त्याच्या वाटेत गेलो. परदेशी शत्रूच्या शोधात निघालेली वाट अखेर आपल्याच कुऱ्हाडीपाशी येऊन थांबली.

हाच ताप २०१५ साली आपल्या शेजारच्या सत्तरीत पाळी गावी प्रकट झाला, २०१६ साली डिचोलीला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात दिसला आणि पुढे पेडण्याच्या पलीकडे बांद्याच्या परिसरात पोचला. काजूच्या हंगामात बागेत राबणारी माणसेच त्यास अधिक बळी पडली. नाव ‘माकडताप’, म्हणून दोष माकडाला. पण खरे पाहता माकड हे आपल्याआधी मरणारे दुर्दैवी जीव आहे. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडे तेथेच गळून पडतात व ती जागा धोक्याची होते. हे मूळ कळले म्हणूनच मेलेल्या माकडाच्या जवळ न जाता आरोग्य केंद्रास कळवावे आणि रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, हा उपाय आपल्या हाती आला. मूळ का शोधावे, ह्याचे याहून चांगले उत्तर मला देता येणार नाही.

आता कोरोनाकडे वळू. २०१९ च्या डिसेंबरात चीनमधील वुहान शहरात ही साथ प्रथम ध्यानात आली. आरंभीचे पुष्कळसे रुग्ण हुआनान बाजाराच्या आसपासचे होते. त्या बाजारात जिवंत वन्य प्राणी विकले जात आणि तेथे घेतलेल्या नमुन्यांत विषाणूबरोबरच अशा प्राण्यांचे जनुकीय अंशही आढळले. वटवाघळांत ह्या विषाणूचे जवळचे भाऊबंदही सापडले आहेत. ही निसर्गाची बाजू. दुसरी बाजूही पोकळ नाही. त्याच शहरात वटवाघळांतील विषाणूंचा अभ्यास करणारी मोठी प्रयोगशाळा आहे. बाजारातील एकही प्राणी बाधित असल्याचे सिद्ध झालेले नाही. आणि प्रयोगशाळांतून विषाणू निसटल्याची उदाहरणे पूर्वी घडली आहेत. १९७८ साली इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे देवीच्या रोगाने झालेला मृत्यू प्रयोगशाळेतील विषाणूनेच झाला होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञमंडळाने २०२५ च्या जूनमध्ये दिलेल्या अहवालात म्हटले की उपलब्ध पुराव्याचे पारडे प्राण्यांकडून संसर्ग झाल्याच्या बाजूला झुकते. परंतु चीनने मागितलेली सर्व माहिती दिली नाही, म्हणून दुसरी शक्यता निकालात काढता येत नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेच्या सीआयए ह्या गुप्तवार्ता संस्थेने आपला कल प्रयोगशाळेकडे असल्याचे सांगितले, पण स्वतःच्या ह्या मतावर आपला विश्वास अल्प असल्याचेही त्याच दमात कबूल केले. आणि प्रयोगशाळेतून चुकीने निसटणे वेगळे व शस्त्र म्हणून मुद्दाम बनविणे वेगळे, हा भेद तर मी २०२० साली केलाच नव्हता. शस्त्राच्या कल्पनेला अमेरिकेच्या गुप्तवार्ता संस्थांनीही आधार दिलेला नाही.

तेव्हा मागच्या बाकावरील त्या मुलाला माझे उत्तर असे : “बाळ, पुराव्याचा कल निसर्गाकडे आहे, पण निर्णय लागलेला नाही.” हे उत्तर कोणाला पळपुटे वाटेल. मला तसे वाटत नाही. पुरावा तोलून पाहिल्यावर म्हटलेले ‘अजून ठाऊक नाही’ आणि मुळात चौकशीच न करता म्हटलेले ‘कोणास ठाऊक!’ ह्यांत महदंतर आहे. पहिले उद्योगी माणसाचे वाक्य आहे, दुसरे आळशाचे.

ह्यात आपले काय अडले आहे, असे कोणी विचारील. फार अडले आहे. मूळ शोधणे आणि दोष देण्यास माणूस शोधणे ह्यांची गल्लत मनुष्यजात पूर्वापार करीत आली आहे. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ ह्या वैद्यकग्रंथात एका सांसर्गिक रोगास ‘फिरंगरोग’ म्हटले आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला जगाने ‘स्पॅनिश’ म्हटले, का, तर महायुद्धात अलिप्त असलेल्या स्पेनच्या वृत्तपत्रांवर बंधने नव्हती व त्यांनी ती बातमी मोकळेपणाने छापली! आणि आपण? २०२० च्या जूनमध्ये वास्कोतील मांगोरहिल हे वस्तीचे नाव जणू रोगाचेच नाव झाले होते. पत्रादेवी व दोडामार्गच्या नाक्यांपलीकडे आपलेच सोयरेधायरे राहतात. पण त्या दिवसांत पलीकडून आलेल्या माणसाकडे आपण कोणत्या नजरेने पाहिले, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. बोटीवरून घरी परतलेल्या शेजाऱ्याच्या मुलाला खेळात न घेणारी मुले ते कोणाकडून शिकली? आम्हा वडीलधाऱ्यांकडूनच.

विद्यार्थिमित्रांनो, साथीचे मूळ अवश्य शोधावे. बाजार मूळ ठरला तर वन्य प्राण्यांच्या व्यापारास आळा घालावा लागेल. प्रयोगशाळा मूळ ठरली तर तिची दारे अधिक घट्ट करावी लागतील. उपाय मुळावर अवलंबून असतो, म्हणून हा शोध थांबता कामा नये आणि ज्यांच्यापाशी माहिती आहे त्यांनी ती दडवू नये. मात्र शोध घेताना पुरावा पुढे असावा व राग मागे. पुढील वर्षी हाच विषय पुन्हा वादविवादास ठेवण्याचा माझा विचार आहे. त्या वेळी दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना एक अट असेल : आपल्या बाजूविरुद्ध जाणारा सर्वांत बळकट पुरावा कोणता, हे प्रत्येकाने प्रथम सांगावे आणि मगच आपले भाषण सुरू करावे. आणि ही अट प्रथम मी स्वतः पाळीन.