तिकडे कोण आहे?

ऑफिसातला कॉम्प्युटर रुसला की आपण आयटीवाल्याला फोन लावतो. तो पलीकडून थंडपणे विचारतो, ‘मशीनचं नाव सांगा.’ आणि आपण जाम कॉन्फिडन्सने सांगतो, ‘डेल!’ पलीकडे दोन सेकंद शांतता...

मीही कित्येक वर्षं हेच उत्तर देत आले. हा माणूस उगाच भाव खातोय असं वाटायचं. त्याच्या प्रश्नाची किंमत मला कळली ती थेट येवल्यात, मामांच्या दुकानात.

येवला म्हणजे पैठणी, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मामांचं दुकानही पैठणीचंच. खाली गल्ल्यावर बिलांचा कॉम्प्युटर, माडीवर हिशेबाचा आणि मागच्या खोलीत वहिनींचा. वहिनी पदराची डिझाइन्स करतात. स्क्रीनवरच्या ग्राफमध्ये एकेक चौकोन रंगवत मोर उभा करायचा. एक चौकोन चुकला की मोराची मान वाकडी! तिन्ही मशीन एकाच वायफायवर.

रात्री दुकान वाढवताना मामांचे गुडघे कुरकुरायचे. माडीवरचं मशीन बंद करायला रोज जिना कोण चढणार? म्हटलं, ‘मामा, बसा निवांत. खालूनच बंद करते!’

फंडा तसा सोपा आहे. विंडोजमध्ये ‘शटडाउन’ नावाची कमांड आहे. तिच्यापुढे दोन तिरक्या रेघा देऊन दुसऱ्या मशीनचं नाव किंवा पत्ता लिहायचा. त्या मशीनवर तुम्हाला अधिकार असेल, म्हणजे अॅडमिनचा पासवर्ड वगैरे, तर हुकूम तिकडे पाळला जातो. नावं बघितली तर ‘डेस्कटॉप’ आणि पुढे सात अगम्य अक्षरं. विंडोज आपलं आपण ठेवतं तशी. ती कोण लक्षात ठेवणार? मी सरळ पत्ता घेतला, १९२.१६८.१.५. चिठ्ठीवर लिहून गल्ल्यावर चिकटवला. एंटर मारलं, माडीवरचा पंखा तेवढा फिरत राहिला, मशीन गप्प. मामा खूश, भाची हिरो!

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली आणि तासाभराने आली. रात्री मी ऐटीत तीच कमांड दिली. वर उघडे प्रोग्रॅम सक्तीने बंद करायचा हुकूमही जोडला, म्हणजे उगाच विचारत बसायला नको. आणि मागच्या खोलीतून आवाज आला, ‘अहो ताई, माझं मशीन बंद पडलं!’

दोन तासांचं काम. लग्नाच्या ऑर्डरची पैठणी, पदरावरचा मोर जवळजवळ पुरा झाला होता. सेव्ह केलेला नव्हता. वहिनी काही बोलल्या नाहीत. मशीन पुन्हा चालू केलं आणि पहिल्या चौकोनापासून सुरुवात केली. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

झालं काय होतं? साधा राउटर आतल्या मशीनना पत्ते कायमचे देत नाही, मुदतीच्या भाड्याने देतो. लाइट जाऊन राउटर नव्याने सुरू झाला आणि त्याने पत्ते पुन्हा वाटले. वहिनींचं मशीन आधी चालू झालं, त्यांना माडीवरचा पत्ता मिळाला. माझी चिठ्ठी मात्र कालचीच होती. कमांड बिचारी प्रामाणिक. तिने पत्ता वाचला आणि त्या दारात जाऊन हुकूम बजावला. आत कोण राहतं हे तिला कुणी विचारायला सांगितलंच नव्हतं.

सकाळी मामा पार्सलांवर पत्ते लिहीत होते. मी तोंड पाडून बसलेली. ते म्हणाले, ‘अगं, आम्ही पार्सलवर नुसतं पिंपळगाव लिहितो का? एक पिंपळगाव जलाल आपल्या तालुक्यात, एक पिंपळगाव बसवंत तिकडे निफाडात. गावाचं नाव लिहायचं, तालुका लिहायचा आणि पिनही लिहायचा. एक चुकलं तर दुसरं सांभाळून घेतं.’

नेमका हाच विचार पिन कोडमागे होता. एकाच नावाची गावं, दहा भाषांतली स्पेलिंगं यात पत्रं हरवायची. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून टपाल खात्याने सहा आकडे आणले. ही कल्पना राबवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच, शिवाय संस्कृतचे पंडित. येवल्याचा पिन ४२३४०१. पहिले तीन आकडे पत्र कोणत्या भागात छाटायचं ते सांगतात, शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस.

गंमत म्हणजे कॉम्प्युटरची वाट उलटी. पोस्टाकडे नावं होती, त्यांना आकडे हवे होते. नेटवर्ककडे आकडे होते, माणसांना नावं हवी होती. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर सगळ्या मशीनची नावं आणि पत्ते एका फाइलमध्ये असायचे. ती अमेरिकेतल्या एका संस्थेत ठेवलेली आणि बाकीचे तिथून उतरवून घ्यायचे. मशीन वाढली, यादी पुरेना. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. आज आपण वेबसाइटचं नाव टाइप करतो तेव्हा मागे हीच वही उघडते आणि नावासमोरचा पत्ता शोधते.

पण वही जुनी असेल तर नावही चकवतं. म्हणून हुकूम सोडण्याआधी एक हाक मारायची. ‘पिंग’ला ‘ए’ जोडून पत्ता दिला की जमल्यास त्या पत्त्यावरच्या मशीनचं नाव कळतं. उत्तर आलं नाही तर मशीन बंदच आहे असं समजू नका, फायरवॉलनेही तोंड बंद केलेलं असू शकतं. आणि घाई कशाला? साठ सेकंदांची मुदत द्या. समोरच्याला सूचना दिसते, चूक झाली तर हुकूम मागे घेता येतो.

निघण्याआधी मी तिन्ही मशीनचं बारसं केलं. गल्ला, माडी आणि मोर. राउटरमध्ये प्रत्येकाचा पत्ता कायमचा राखून ठेवला. चिठ्ठी फाडून टाकली. आणि ‘मोर’ला बाहेरून बंद करायचा अधिकारच काढून घेतला. तो बंद करायचा तर मागच्या खोलीत जायचं, वहिनींना विचारायचं.

तुमच्या मशीनचं नाव माहीत आहे? काळी खिडकी उघडा, ‘होस्टनेम’ टाइप करा, एंटर मारा. जे येईल ते लिहून ठेवा. आयटीवाल्याने विचारलं तर ‘डेल’ म्हणू नका. त्याच्या पुढच्या एंटरला कुणाचं दोन तासांचं काम उडणार, हे त्या नावावर ठरतं.