वॅगन आर की टियागो? घरच्या गाडीचा हिशेब



मळणी आटोपली, धानाचे चुकारे खात्यात पडले, की आपल्या भंडारा जिल्ह्यात घरोघरी बेत सुरू होतात. कोणाला स्लॅब टाकायचा असतो, कोणाला मुलीचे लग्न उरकायचे असते. अलीकडे पुष्कळ घरांत चारचाकीचा विषयही निघतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून तर जास्तच. आणि विषय निघाला की दोन नावे हटकून येतात : मारुतीची वॅगन आर आणि टाटांची टियागो.

वॅगन आर आपल्याकडे १९९९ च्या डिसेंबरात आली. आजचा तिचा साचा २०१९ चा. टियागो २०१६ ची. तिचे नाव आधी ‘झिका’ ठरले होते, पण त्याच सुमारास झिका नावाच्या रोगाची साथ पसरली आणि कंपनीला घाईने बारसे बदलावे लागले. दोन्ही गाड्या चार मीटरच्या आतल्या, पाच माणसांच्या. शोरूममधला माणूस आपलीच गाडी चांगली म्हणणार. म्हणून आपण त्या आपल्या घराच्या गरजेवर घासून पाहू.

बसणारे कोण?

वॅगन आर उंच आहे, १६७५ मिलिमीटर. टियागो तिच्याहून १४ सेंटिमीटरने बुटकी. गुडघे धरलेल्या आजीला वॅगन आरमध्ये खुर्चीवर बसावे तसे बसता येते. टियागोत जरा वाकून खाली उतरावे लागते. डिकीही वॅगन आरची मोठी, ३४१ लिटरची. टियागोची २४२ लिटरची. लग्नसराईत आहेराच्या पिशव्या आणि तांदळाचे कट्टे न्यायचे झाले तर हा फरक जाणवतो.

मात्र सीएनजीची गाडी घेणार असाल तर पारडे फिरते. वॅगन आरची टाकी डिकीतच बसते आणि जागा खाऊन टाकते. टियागोत २०२३ पासून दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या आहेत, त्यामुळे वर सामान ठेवता येते. सीएनजी घेण्याआधी पंप आपल्या रोजच्या वाटेवर आहे का, हे पाहावे. गॅससाठी वीस किलोमीटर जाऊन यायचे असेल तर बचत वाटेतच संपते.

तेल किती पिते?

सरकारी चाचणीच्या आकड्यांप्रमाणे लहान इंजिनाची पेट्रोल वॅगन आर लिटरला २४ किलोमीटरच्या वर जाते, टियागो २० च्या आसपास. टियागोचे इंजिन मोठे, ११९९ सीसीचे, आणि गाडीही साधारण क्विंटलभर जड. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्हींचा आकडा कमीच येतो. तरी महिन्याला ४०० किलोमीटर चालणाऱ्या घराला हा फरक तीन-साडेतीन लिटरचा आहे. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले तर वर्षाला सुमारे चार हजार. पांदण रस्त्याच्या चिखलाचे म्हणाल, तर पोटाखालच्या उंचीत अर्ध्या सेंटिमीटरचाच फरक. रोवणीच्या दिवसांत बांधीपर्यंत दोन्ही नेऊ नयेत. ते काम ट्रॅक्टरचे.

जिवाची काळजी

हा मुद्दा शोरूममध्ये कमी निघतो, म्हणून इथे जास्त सांगतो. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहते आणि मोठ्या माणसांच्या बचावासाठी पाचपैकी तारे देते. जुन्या नियमांनी झालेल्या चाचणीत २०१९ मध्ये वॅगन आरला दोन तारे मिळाले आणि २०२० मध्ये टियागोला चार. पुढे नियम कडक झाले. २०२३ मध्ये वॅगन आरला एकच तारा मिळाला. त्यानंतर २०२५ पासून वॅगन आरच्या सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅगा येऊ लागल्या, ही चांगली गोष्ट झाली. टियागोच्या कोणत्या प्रकारात किती एअरबॅगा आहेत, हे घेताना विचारून घ्यावे.

आपल्याला नागपूरला दवाखान्यात जायचे तर साकोली, लाखनी, भंडाऱ्यावरून रायपूरच्या महामार्गानेच जावे लागते. त्या रस्त्यावर रात्रंदिवस अवजड ट्रक धावतात. गाडी कोणतीही असो, मागच्यांनीही पट्टा बांधावा, लेकराला पुढे मांडीवर घेऊ नये आणि पाचांच्या गाडीत आठ जण कोंबू नयेत.

हप्ता कशातून फेडणार?

चार लाखांचे कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, पाच वर्षे मुदत, असे धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,४०० रुपये पडतो. वर्षाचे लाखभर झाले. २०२५-२६ च्या खरिपात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. त्या भावाने हे जवळजवळ ४३ क्विंटल धान झाले. एकरी १५ क्विंटल पीक धरले तर तीन एकरांचे सगळे धान फक्त हप्त्यात जाते. बी, खत, रोवणीची मजुरी, मळणी, गाडीचा विमा आणि तेल हे सारे वेगळेच. शिवाय हप्ता दर महिन्याला मागायला येतो आणि धानाचा पैसा वर्षातून एकदा, फार तर दोनदा. म्हणून पीक आल्यावर भरायचा सहामाही हप्ता मिळतो का, हे बँकेत आधी विचारावे आणि कर्ज जेवढे कमी करता येईल तेवढे करावे.

मग कोणती घ्यावी?

घरात म्हातारी माणसे आहेत, ये-जा मुख्यतः तालुक्याच्या बाजारापर्यंत आहे आणि तेलाचा खर्च आवरायचा आहे, त्यांनी वॅगन आर घ्यावी. तिची दुरुस्ती ठिकठिकाणी होते आणि जुनी झाल्यावर गिऱ्हाईकही लवकर मिळते. ज्यांची गाडी लेकराबाळांसह वारंवार महामार्गावर जाणार, त्यांनी वर्षाचे चार हजार जास्त गेले तरी टियागोकडे वळावे. आणि ज्यांचे सारे घर तीन-चार एकर धानावरच चालते, त्यांनी अजून दोन हंगाम थांबावे. लग्नाला, दवाखान्याला भाड्याची गाडी वर्षात दहा वेळा केली तरी ती हप्त्यापेक्षा स्वस्तच पडेल. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे चारचाकीलाही लागू आहे.

शोरूममध्ये जाताना घरच्या बाईमाणसांना आणि आजी-आजोबांनाही सोबत न्यावे. दोन्ही गाड्यांत त्यांना मागच्या सीटवर बसवून पाहावे, आणि सही त्यानंतरच करावी.