रक्ताचेही परीक्षण पुरते करा



ऊस विकास खात्याने रक्तावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण शेतकी पदविकेत आम्ही शिकलेले पहिले सूत्र इथेही लागू पडते : कमतरता कशाची आहे हे कळल्याशिवाय मात्रा टाकू नये. माती परीक्षण न करता युरियाची पोती ओतणाऱ्याला आपण नावे ठेवतो. घरात मात्र "हिच्या अंगात रगत न्हाई" एवढे कळले, की टॉनिकची बाटली आणून मोकळे होतो. हे बदलले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न लहान नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे भांगलणीला बसलेल्या दहा बायांत पाच-सहा जणी.

हिमोग्लोबिनची तपासणी आता बहुतेकांना माहीत आहे. पण हिमोग्लोबिन म्हणजे विहिरीत पाणी किती उरले, एवढेच. झरा आटला की पाणी कुठे गळते आहे, हे त्यावरून कळत नाही. ते समजायला मदत करणारी तपासणी म्हणजे रेटिक्युलोसाइट काउंट, आपल्या भाषेत कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी.

तांबडी पेशी हाडांच्या मगजात तयार होते आणि सुमारे १२० दिवस जगते. रोज शंभरातली साधारण एक जुनी पेशी बाद होते व तिची जागा नवी घेते. रक्तात उतरल्यावर ही पेशी साधारण एक दिवस कोवळी असते. विशिष्ट निळा रंग दिला की तिच्यात बारीक जाळी दिसते, त्यावरून ती ओळखू येते. निरोगी मोठ्या माणसात यांचे प्रमाण साधारण अर्धा ते अडीच टक्के असते. प्रयोगशाळेप्रमाणे थोडा फरक पडतो.

आता अर्थ पाहू. रक्त कमी आणि कोवळ्या पेशीही कमी, तर कारखानाच थंड पडला आहे. लोह, बी-१२ किंवा फॉलिक अॅसिड हा कच्चा माल नाही, मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे उत्पादनाचा हुकूम सुटत नाही, किंवा मगजातच बिघाड आहे. उलट रक्त कमी पण कोवळ्या पेशी जास्त, तर कारखाना रात्रंदिवस चालू आहे, माल मात्र टिकत नाही. नुकताच रक्तस्राव झाला असेल, किंवा पेशी अकाली फुटत असतील. सिकलसेलमध्ये असेच होते. नंदुरबारकडील आदिवासी समाजात हा आजार आढळतो आणि तिकडची माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी त्यांचे मूळ दुखणे हटणार नाही.

एक खबरदारी. महिनोन् महिने पाळीत जादा रक्त जात असेल, तर शेवटी लोहच संपते आणि मोजणी कमी येते. म्हणून आकडा कमी आला तरी गळतीचा शोध सोडू नये.

दुसरी खबरदारी टक्क्यांची. शंभर बेटांत दोन नवी असली तर दोन टक्के. जुनी मरून एकूण पन्नासच उरली आणि त्यांत नवी दोनच, तर टक्का चार दिसतो, पण फड काही सुधारलेला नसतो. रक्ताचेही तसेच. म्हणून रक्त फार कमी असेल तेव्हा डॉक्टर हा टक्का दुरुस्त करून वाचतात. नुसता कागद बघून आपणच निदान करू नये.

या तपासणीचा आणखी एक उपयोग आम्हांस फार मोलाचा वाटतो. लोहाची कमतरता असून गोळ्या लागू पडल्या, तर आठ-दहा दिवसांत कोवळ्या पेशी वाढलेल्या दिसतात. हिमोग्लोबिन नीट चढायला काही आठवडे जातात. आधी फुटवे दिसतात, वजन मागाहून भरते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

काही सभासद म्हणतील, "गूळ-शेंगदाणे खाल्ले की भागतंय." ते जरूर खावेत. पण पोटात जंत असतील, बी-१२ कमी असेल किंवा पेशीच फुटत असतील, तर तेवढ्यावर भागत नाही.

तेव्हा आमचे म्हणणे असे. रक्तक्षय निघाला तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, "कोवळ्या पेशींची मोजणी करायची का?" कारखान्याच्या आरोग्य शिबिरात ज्यांचे हिमोग्लोबिन कमी निघेल, त्यांची ही तपासणी व्हावी. सभासदांच्या घरच्या बायका आणि फडावरच्या तोडणी कामगार बाया, दोघींचीही. वार्षिक सभेत हा विषय सभासदांनीच मांडावा. एकरी टनेज वाढवण्यासाठी आपण मातीचे नमुने पाठवतो. ज्या हातांवर ते टनेज उभे आहे, त्यांच्या रक्ताचा नमुनाही तेवढ्याच काळजीने वाचला गेला पाहिजे.