उचलायचं आणि निघायचं

आमच्या नणंदबाई पुण्यात असतात. लग्न अजून व्हायचंय, मांजर मात्र आहे. गेल्या शनिवारी तिचा फोन आला. मी नेहमीप्रमाणे रडगाणं लावलं होतं, की आठ महिने झाले, दवाखाना सोडून कुठं म्हणून गेलो नाही. तर म्हणते कशी, "वहिनी, बाळ झालं म्हणून काय घरात कोंडून घ्यायचं? उचलायचं आणि निघायचं!"

मला राग आला. पण तो तिचा नव्हता, माझाच होता. हे सदर जुनं वाचणाऱ्यांना आठवत असेल, याच जागी मी मोठ्या मिजाशीत लिहिलं होतं की आमच्या घरी सहल ठरत नाही, घडते. रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्यानं नुसती किल्ली वाजवायची, मी चपला अडकवायच्या आणि चंदनापुरी घाटात जाऊन चहा प्यायचा. पावसाळ्यात सकाळी उठून आभाळ बघायचं आणि नाष्टा न करता रंधा धबधबा गाठायचा. दुपारचं पेमगिरीला जाऊन त्या अवाढव्य वडाखाली झोप काढायची. एका लेखात तर आम्ही आठ मिनिटांत घर सोडल्याची नोंद आहे. ते कात्रण कुणी जपून ठेवलं असेल, तर कृपया त्याच्यावर कांदेपोहे खा आणि टाकून द्या.

आता आधी कायद्याचं सांगते, म्हणजे नंतर मनसोक्त कुरकुरायला मोकळी. आमच्याकडं गाडी म्हणजे स्कूटर. केंद्राच्या नियमानुसार 15 फेब्रुवारी 2023 पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर त्याला चालकाशी बांधणारा पट्टा लागतो, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा, आणि मूल नऊ महिने ते चार वर्षांचं असेल तर त्याच्या डोक्याला बसणारं हेल्मेटही हवं. नियम चांगलाच आहे, त्याबद्दल दुमत नाही. फक्त आमची कन्या आठ महिन्यांची. म्हणजे कायद्याच्या हिशोबानं तिला कंबर आहे, डोकं पुढच्या महिन्यात येईल. आणि 40 च्या वेगाचं म्हणाल, तर संध्याकाळी आमच्या मेन रोडवर ज्यानं 40 गाठून दाखवलं त्याचा नगरपालिकेनं सत्कार करावा. पट्टा अजून घेतलेला नाही, सबब स्कूटर बाद.

तर रविवारी पाच वाजता नवरा बाहेरून आला आणि म्हणाला, "आवर्तन सुटलंय. नदीला पाणी आलंय." संगमनेरच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात आमची प्रवरा म्हणजे दगडगोट्यांचं प्रदर्शन. वर भंडारदऱ्याहून पाणी सोडलं, की ते खाली ओझरच्या बंधाऱ्याकडं जाता जाता आमच्या गावाला चार दिवस नदी उसनी देऊन जातं. मी म्हटलं, "गंगामाई घाटावर जाऊन येऊ." नवरा म्हणाला, "आत्ता?" मी म्हटलं, "उचलायचं आणि निघायचं." चालत पंधरा मिनिटांचा रस्ता.

पाच वाजून पाच मिनिटांनी निघण्याचा ठराव मंजूर झाला. पाच दहाला सासूबाईंनी उपसूचना मांडली, "एवढ्या उन्हात?" ऊन उतरेपर्यंत थांबू, असं ठरलं. साडेपाचला कन्या झोपली. झोपलेल्या लेकराला उठवू नये, यावर घरात एकमत आहे. सव्वासहाला ती उठली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता तिन्हीसांजेचं लेकरू नदीवर नेतात होय?" मी कागदपेन्सिल घेऊन हिशोब केला. आमच्या घरात बाळाला बाहेर काढण्याजोगी वेळ साडेपाच ते सव्वासहा एवढीच आहे, आणि ती तिच्या झोपेची आहे.

मधल्या वेळात पिशवी भरत होती. 'भरत होती' असंच म्हणते, कारण ती कोण भरतंय ते शेवटपर्यंत कळलं नाही. डायपर चार, दुपटी तीन, झबली दोन, 'असू दे' म्हणून आणखी एक. टोपडं. नाचणीसत्वाचा डबा, वाटी, चमचा, थर्मास. तापाचं औषध, ताप नसताना. खुळखुळा. तो वाजला नाही तर दुसरा खुळखुळा. मी एकदा पिशवी उचलून बघितली आणि बाळ उचलून बघितलं. बाळ हलकं होतं. उन्हाची बाधा होऊ नये म्हणून सासूबाईंनी तळाशी एक कांदा ठेवला, तोही सूर्य मावळताना. मी काढला. त्यांनी परत ठेवला. ही लढाई आमच्यात एक शब्दही न बोलता होते.

"बाबागाडी घेऊ का?" नवऱ्यानं विचारलं. बाबागाडीची हकीकत मागं एकदा लिहायची राहिली. नणंदेनंच पुण्याहून पाठवलेली आहे, कप ठेवायलासुद्धा जागा. पहिल्या दिवशी आम्ही ती ऐटीत बाहेर काढली. पुढचं चाक गटाराच्या जाळीत, मागचं शेजाऱ्यांच्या मोटारसायकलला, आणि बाळ माझ्या कडेवर. फूटपाथवर चपलांचं दुकान, त्याच्यापुढं फळांची गाडी, फळांच्या गाडीपुढं उभी मोटार. येताना त्या बाबागाडीत एक कलिंगड बसवून आणलं. त्याचा प्रवास मात्र सुखाचा झाला.

सातला दहा कमी असताना आम्ही उंबरा ओलांडला. आता पंधरा मिनिटं, असं मी म्हणते तोच गल्लीच्या तोंडावर पहिलं नाकं लागलं. "अगं बाई, लेकराला घेऊन कुठं?" छोट्या गावात बाळ घेऊन निघणं म्हणजे पालखी घेऊन निघणं. ठिकठिकाणी थांबावं लागतं, आणि दर्शन दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. प्रश्नपत्रिका ठरलेली. कितव्या महिन्यात आहे? दात आले का? बसते का? अंगावरचंच चालू आहे ना? कुणावर गेलीय? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, विचारणाऱ्या स्वतःच देतात आणि ते कधीही आईच्या बाजूचं नसतं. औषधाच्या दुकानदारानं काउंटरवरून वाकून गाल ओढला. एका अनोळखी आजोबांनी थांबवून सांगितलं, की तिला मोजे घाला. दोन दुकानं पुढं दुसऱ्या अनोळखी आजींनी सांगितलं, की एवढ्या उकाड्यात मोजे कसले घालता, काढा. मी मोजे काढून पिशवीत टाकले. हाताला कांदा लागला.

मेन रोडच्या मध्यावर कन्येनं भूक जाहीर केली. ज्यांनी बाजारपेठेत भुकेलं बाळ ऐकलंय त्यांना माहीत आहे, त्या आवाजानं रिक्षासुद्धा वाट देतात. अशा वेळी काय करायचं हे गावातल्या बाईला शिकवावं लागत नाही. ती सरळ कापडदुकानात शिरते. मीही शिरले. दुकानदारानं एका नजरेत ओळखलं. "ताई, आत या, गादीवर बसा." मुलाला म्हणाले, "पंखा लाव, आणि ते परकराचे गठ्ठे आडवे लाव रे." साड्यांच्या भिंतीआड मी बसले. काही घेणार का, असं कुणी विचारलं नाही. कापडाचा तो कोरा वास, पंख्याची घरघर आणि मांडीवर गप्प झालेलं लेकरू. दहा मिनिटं मी कुठल्याही मॉलमध्ये असते तरी एवढी सुखी नसते.

आता इथं मला जरा आडवाटेला जाऊ द्या. सरकारनं यासाठीच 'हिरकणी कक्ष' काढलेत, बसस्थानकांवर, कचेऱ्यांत. कल्पना उत्तम, नाव त्याहून उत्तम. पण असं एका ठिकाणी (नाव घेत नाही, त्यांना परत भेटायचंय) मी बाळाला घेऊन गेले, तर पाटीवर हिरकणी आणि दाराला कुलूप. किल्लीवाले जेवायला गेलेले. ते आले, ढेकर दिली, दार उघडलं. आत दोन मोडक्या खुर्च्या, गणपतीच्या सजावटीची खोकी आणि भिंतीला टेकवलेले 'मतदान केंद्राकडे' असे बाण. तोवर कन्या रडून रडून झोपून गेली होती. आम्ही तरी साधी माणसं. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे 2022 च्या डिसेंबरात अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला गेल्या, तेव्हा केवढं कौतुक झालं. पुढच्या वर्षी मुंबईच्या अधिवेशनात त्यांनाच हिरकणी कक्षातल्या गैरसोयींची तक्रार करावी लागली. ते वाचल्यापासून माझा कापडदुकानावरचा विश्वास दुणावला आहे.

आणि मूळ हिरकणीची गोष्ट तरी काय आहे? दूध घालायला रायगडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला दरवाजे बंद, खाली घरी तान्हं बाळ, आणि बाई अंधारात कडा उतरून गेली. गडाची शिस्त होती, दरवाजा उघडायचा नाही म्हणजे नाही, तेही बरोबर. पुढं तिथं बुरूज बांधला, तिचं नाव दिलं. लहानपणी मला ही गोष्ट फार आवडायची. आता ऐकताना मी वेगळ्याच जागी अडते. दार बंद राहिलं म्हणून कडा उतरावा लागला, आणि कडा उतरली म्हणून कौतुक झालं. तेव्हापासून आपल्याला आयांसाठी दार उघडण्यापेक्षा त्यांचा सत्कार करणं सोयीचं वाटत आलंय. कक्षाला नाव हिरकणीचं दिलंत, छानच केलंत. पण म्हणून तिथं पोचायला कडाही उतरायला लावायचा का?

असो. दुकानातून निघालो तेव्हा साडेसात वाजून गेले होते. चंद्रशेखर चौकात आलो. हनुमान जयंती होऊन आठवडाच झालाय, रथाच्या गर्दीचं बोलणं अजून ओट्याओट्यावर चालू होतं. आमच्याकडं हा रथ बायका ओढतात, हे बाहेरच्या पाहुण्याला सांगताना आम्हा संगमनेरकरांची मान जरा वर जाते. 1929 साली इंग्रज सरकारनं मिरवणूक अडवली, पुरुषमंडळी थबकली, तेव्हा बायका पुढं झाल्या आणि त्यांनी रथ ओढून नेला. तेव्हापासून पहिला मान त्यांचा. ज्या पोलिसांनी तेव्हा अडवलं, त्याच खात्याकडून आता मानाचा ध्वज येतो. दरवर्षी हे ऐकते, पण या वर्षी कडेवर आठ किलो असताना मला पहिल्यांदाच शंका आली. त्या बायकांची पोरं त्या वेळी कुठं होती? चूल सोडून आयत्या वेळी निघालेल्या त्या बाया, त्यांच्यातल्या कुणाच्या तरी कडेवर तान्हं असणारच. कुणीतरी "धर गं जरा" म्हणून ते शेजारणीच्या हातात दिलं असेल आणि दोराला हात घातला असेल. ज्यांनी धरलं त्यांची नावं कुठं लिहिली जात नाहीत.

हे मी नवऱ्याला सांगत होते आणि तो भेळेच्या गाडीकडं बघत होता. गेल्या आठ महिन्यांत आम्ही दोघांनी एका वेळी एकही पदार्थ गरम किंवा कुरकुरीत असताना खाल्लेला नाही. एक खातो, दुसरा नाचवतो. शेजारच्या ओट्यावर एक आजी बसल्या होत्या, ओळखीच्या नव्हेत. त्यांनी आमच्याकडं बघितलं, भेळवाल्याकडं बघितलं आणि दोन्ही हात पुढं केले. "आण इकडं. खाऊन घ्या निवांत."

आम्ही दिलं. आजींनी तिला पायांवर आडवं घेतलं, पाठीवर थापट्या सुरू केल्या आणि आमच्याकडं परत बघितलंही नाही. आम्ही भेळ खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मग एकेक मसाला पापड. नवरा म्हणाला, "कांदा जास्त घाला." मी म्हटलं, "कांदा आहे आपल्याकडं." बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एकाच गोष्टीला एकाच वेळी हसलो.

बाळ परत घ्यायला गेलो तर गाढ झोपलेलं. "आता नदीवर नका नेऊ," आजी म्हणाल्या. यांचा आणि सासूबाईंचा फोन होत असावा. आम्ही मुकाट्यानं मागं फिरलो. प्रवरेचं पाणी दिसलं नाही. ते एव्हाना ओझरला पोचलंही असेल, पुढच्या आवर्तनाला बघू. आमच्या गावच्या अनंत फंदींनी मळलेली वाट सोडू नका म्हणून दोनशे वर्षांपूर्वीच बजावून ठेवलंय. हल्ली आमची मळलेली वाट घर ते भेळेची गाडी एवढी झालीय, ती सोडायचा विचार नाही.

रात्री नणंदेचा फोन. "मग, गेलात का कुठं?"

"गेलो की."

"उचललं आणि निघालात ना?"

"हो. उचललं मात्र दुसऱ्यांनी."

तिला काही कळलं नाही. पिशवी आता रिकामी करायची नाही, दाराशी भरूनच ठेवायची, असं आम्ही ठरवलंय, म्हणजे पुढच्या वेळी आठ मिनिटांत निघता येईल. काल सहज उघडून बघितली. कांद्याला कोंब आलाय.