घर सांभाळताना : छताची भेग पुन्हा का येते?

छताला भेग दिसली की घरातला पहिला शब्द असतो, ‘गवंड्याला बोलवा.’ गवंडी येतो, भेगेवर सिमेंट फासतो, वरून रंगाचा हात फिरतो आणि दिवाळी झोकात पार पडते. पुढे चैत्राचं ऊन तापलं की तीच भेग, त्याच जागी, त्याच वळणाने पुन्हा डोकावते. मग आपण म्हणतो, ‘सिमेंटच हलकं असणार,’ नाहीतर ‘गवंडीच कामचोर.’ मैत्रिणींनो, पुष्कळदा दोष या दोघांचाही नसतो. भेग कशाने पडली हे न विचारताच ती बुजवलेली असते. खोकला कशाचा ते न पाहता नुसतं आलं-मध चाटवत राहावं, त्यातलाच हा प्रकार.

आमच्या धायरीत हा विषय घरोघरी निघतो. सिंहगड रस्त्याच्या या टोकाला शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. २०१७ साली पुणे महानगरपालिकेत अकरा गावं घेतली गेली, त्यांत धायरीचंही नाव होतं. इथे नव्या इमारती आहेत, पंचवीस-तीस वर्षांच्या जुन्याही आहेत, आणि दोन्हींच्या वरच्या मजल्यांवर छताकडे बघून उसासे टाकणाऱ्या गृहिणी आहेत. म्हणून आज छताच्या गिलाव्याबद्दल जरा सविस्तर बोलू या. थापी आपल्याला हातात धरायची नाही. पण काम कसं व्हायला हवं हे ठाऊक असलं, तर पैसे दोनदा जात नाहीत.

आधी भेग वाचायला शिका

सगळ्या भेगा सारख्या नसतात. स्टुलावर चढून, हातात बॅटरी घेऊन नीट बघा.

केसासारख्या बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या भेगा बहुधा गिलाव्याच्या वरच्या कातडीपुरत्याच असतात. माल फार सिमेंटचा झाला, वाळूत पीठ जास्त होतं किंवा गिलावा घाईने वाळला, की त्या पडतात. अंगणात शेणाचा जाड थर देऊन सारवलं आणि वर कडक ऊन पडलं, तर जमीन कशी तडकते ते आठवा. तेच इथे घडतं. यात धोका नसतो.

भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यातून सरळ धावणारी भेग ही गच्चीखालच्या मजल्याची खूण. उन्हाने स्लॅब प्रसरण पावतो, रात्री आकसतो. भिंत मात्र तेवढी हलत नाही. काँक्रीट एका अंशाला आपल्या लांबीच्या साधारण एक लाखांश भाग वाढतं. म्हणजे सहा मीटर लांबीचा स्लॅब वीस अंशांनी तापला, तर एक मिलिमीटरहून जास्त वाढतो. पूर्वी रेल्वेच्या रुळांच्या सांध्यात फट का ठेवत, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. गिलाव्याला अशी ओढ सोसत नाही.

पंख्याच्या हुकापासून भिंतीपर्यंत सरळ रेघ गेली असेल, तर वायरिंगसाठी मागाहून फोडलेली खाच तिथे आहे का ते बघा. खाचेत भरलेला माल आणि बाजूचं काँक्रीट यांचं जमलेलं नसतं.

भेगेभोवती पिवळट डाग, फुगलेला रंग किंवा मिठासारखी पांढरी पूड दिसली, की पाणी मुरतंय हे नक्की.

आणि भेग लांबलचक असून तिच्याकडेने तांबूस डाग असतील, तशाच दोन-तीन भेगा एकमेकींना समांतर असतील, तर आतली लोखंडी सळई गंजते आहे असं समजा. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही जास्त जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. हे गिलाव्याचं दुखणंच नव्हे. इथे गवंड्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. यावर नुसता गिलावा चढवणं म्हणजे गळवावर पावडर लावणं.

आणखी एक सोपी गोष्ट करा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक रेघ मारून शेजारी तारीख लिहा. भेगेची रुंदी जिथे जास्त आहे तिथे पट्टी लावून मोजा आणि तेही लिहा. पावसाळ्यात एकदा, थंडीत एकदा आणि मे महिन्यात एकदा बघा. टोक पुढे सरकलं नाही आणि रुंदी बदलली नाही, तर भेग निजलेली आहे. ती कायमची बुजते. उन्हाळ्या-हिवाळ्यात कमी-जास्त होत असेल, तर ती हलती भेग. तिला कडक सिमेंटने कितीही बुजवा, ती उघडणारच.

वाजवून बघा

काठीच्या टोकाला कापड गुंडाळून किंवा हातोडीच्या लाकडी दांड्याने छत हलकेच ठोका. ठणठणीत आवाज आला तर गिलावा स्लॅबला धरून आहे. नारळ पोकळ निघाल्यासारखा भद्द आवाज आला, की तिथे गिलावा सुटलेला आहे. खडूने तेवढ्या भागाला गोल करा. ठोकताना डोळ्यांना चष्मा, डोक्याला जाड टॉवेल हवा. आणि स्वतः त्या जागेच्या नेमकं खाली उभ्या राहू नका.

हे फार मनावर घ्या. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि पाऊण इंच जाड असा सिमेंटच्या गिलाव्याचा तुकडा साडेतीन किलोच्या घरात भरतो. तो नऊ-दहा फुटांवरून पडतो तेव्हा खाली बाळाचा पाळणा आहे की सतरंजी, हे तो बघत नाही. जिथे भद्द आवाज आला, तिथून पलंग, पाळणा, अभ्यासाचं टेबल आजच हलवा. गवंडी आठवड्याने येईल, पलंग मात्र आत्ता सरकवता येतो.

आधी वरचं, मग खालचं

गच्चीतून पाणी येत असेल तर गच्चीचं काम आधी. कोब्याला भेगा आहेत का, कठड्याच्या कडेचा गोल वाटा सुटला आहे का, पन्हळीचं तोंड पालापाचोळ्याने बुजलं आहे का, हे बघा. दुरुस्ती झाली की पाण्याची तोंडं बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी निदान दोन दिवस साठवून ठेवा आणि खालून छत बघत राहा. कोरडं राहिलं तर काम झालं. वर दुसऱ्याचं बाथरूम असेल तर तिथल्या फरशीचे सांधे आणि नळ्या आधी.

छत पूर्ण वाळल्याशिवाय गिलावा नको. दिवाळीच्या तोंडावर सप्टेंबर-ऑक्टोबरात जी घाई चालते, तिथेच पुष्कळांचं फसतं, कारण पावसाळ्याची ओल स्लॅबात तशीच असते. भेग पावसाळ्यात बघून ठेवावी, गच्ची दिवाळीनंतर दुरुस्त करावी आणि गिलावा डिसेंबर-जानेवारीत, मऊ उन्हाच्या दिवसांत करावा, हा क्रम बरा.

गिलावा करताना

आता गवंड्याशी बोलताना या गोष्टी लक्षात ठेवा. त्यांना ‘मामा’ म्हणा, दादा म्हणा, चहा द्या. पण या मुद्द्यांवर मागे हटू नका.

सुटलेला गिलावा भेगेपुरता नव्हे, तर ठणठणीत आवाज येईपर्यंत काढायचा. कडा वेड्यावाकड्या न ठेवता सरळ कापून घ्यायच्या.

आतलं काँक्रीट गुळगुळीत असेल तर त्यावर छिन्नीने जवळजवळ टाचे मारायचे. गुळगुळीत ताटाला पिठलं चिकटत नाही, तसाच गुळगुळीत स्लॅबला माल धरत नाही. मग तारेच्या ब्रशने घासून धूळ झाडायची, पाण्याने धुवायचं. पृष्ठभाग ओलसर हवा, पण पाणी टपकता कामा नये. त्यावर सिमेंटच्या पातळ खिरीचा हात द्यायचा आणि ती ओली असतानाच गिलावा चढवायचा. खीर वाळली तर ती धरण्याऐवजी सोडायलाच मदत करते.

माल एकास तीन : सिमेंट एक घमेलं, वाळू तीन घमेली. फावड्याच्या अंदाजाने नको, घमेल्याने मोजून. हल्ली नदीची वाळू कमी आणि दगडाची कुटलेली वाळू जास्त मिळते. तिच्यात दगडाचं पीठ जास्त असलं की भेगा ठरलेल्या. काचेच्या उभट बरणीत अर्धी वाळू घाला, वर मिठाचं पाणी ओता, हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर गाळाचा जाड थर बसला, तर ती वाळू परत पाठवा किंवा धुऊन घ्या. बोअरचं पाणी खारं असेल तर तेही मालात नको. पिण्याजोगं पाणी ते मालाजोगं पाणी.

माल थोडा थोडा कालवायचा आणि अर्ध्या तासात संपवायचा. आवळत आलेल्या मालात पाणी घालून पुन्हा मऊ करायचा नाही. शिळी कणीक पाणी लावून मळली तर पोळी तुटते, तसंच आहे हे.

छताला गिलावा पातळच हवा, सुमारे ६ मिलिमीटर. खड्डा खोल असेल तर दोन थरांत भरा. पहिला थर खरवडून ठेवा, घट्ट होऊ द्या, मग दुसरा. जुनं आणि नवं मिळतं तिथे, तसंच वायरिंगच्या खाचेवर, दोन्ही बाजूंना चार-सहा इंच जाईल अशी बारीक जाळी घालून घ्या. शेवटी गुळगुळीतपणासाठी नुसत्या सिमेंटचा हात मारण्याचा मोह गवंड्याला होतो. तो नको, केसासारख्या भेगा तिथूनच सुरू होतात.

भिंत आणि छताच्या कोपऱ्यातली हलती भेग वेगळी हाताळतात. तिथे गिलावा सलग न नेता बोटाच्या निम्म्या रुंदीची सरळ खाच सोडतात. हालचाल झाली तर ती खाचेत लपते, छतावर उमटत नाही. उघडी खाच नको असेल तर रबरासारखा लवचीक राहणारा भराव घाला. त्याच्या जोडीला गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला की स्लॅब मुळात कमी तापतो. भारतीय मानक संस्थेने १९८४ साली इमारतींतल्या भेगांची कारणं आणि उपाय यांवर एक स्वतंत्र हस्तपुस्तिकाच काढली आहे. हीच संस्था पुढे भारतीय मानक ब्यूरो झाली. विषय किती मोठा आहे, हे त्यावरून कळावं.

विलायती पुस्तकांत छताला स्क्रू आणि चकत्या मारून गिलावा धरून ठेवायची युक्ती असते. ती त्यांच्या जुन्या घरांतल्या लाकडी पट्ट्यांवरच्या गिलाव्यासाठी. आपल्या काँक्रीटच्या छताला तिचा उपयोग नाही. पेठांतल्या जुन्या वाड्यात चुन्याचं काम असेल तर तिथेही सिमेंट चढवू नका. चुन्याला चुनाच हवा.

सात दिवसांचं पथ्य

गवंडी गेला की खरं काम आपलं. बाळंतिणीसारखं गिलाव्यालाही पथ्य लागतं. दुसऱ्या दिवसापासून निदान सात दिवस तो ओला राहायला हवा. छताला पोती गुंडाळता येत नाहीत, म्हणून झाडांवर मारायचा फवारा आणा आणि दिवसातून चार-पाच वेळा छत भिजवा. टँकरवर दिवस काढणाऱ्या आमच्यासारख्यांनाही हे जमतं. एका खोलीला रोज एक-दोन बादल्या पुरतात. त्या खोलीचा मेन स्विच बंद ठेवा. सात दिवस पंखा लावायचा नाही, खिडक्या वाऱ्याच्या बाजूने उघड्या ठेवायच्या नाहीत. रंगासाठी आणखी तीन-चार आठवडे थांबा. ओल्या गिलाव्यावर लांबी आणि रंग चढवला तर पापुद्रे निघतात.

खर्च कोणाचा?

हेही माहीत हवं. गच्चीतून पाऊस गळत असेल तर सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती सोसायटीने करायची असते. वरच्या बिऱ्हाडाच्या संडास-मोरीची गळती त्या सभासदाने. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांच्या पुढे दर तीन वर्षांनी तिची संरचनात्मक तपासणी व्हायला हवी. घर नवं असेल आणि ताबा घेऊन पाच वर्षं झाली नसतील, तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे बांधकामाचा दोष बिल्डरने विनामूल्य, ३० दिवसांत दुरुस्त करायचा असतो. त्यामुळे खिशातून गवंडी लावण्याआधी फोटो काढा, तारखांची वही पुढे ठेवा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘सभेला काय जायचं’ म्हणून घरी बसू नका. छत तुमच्या डोक्यावरचं आहे.

आणि मजुरी ठरवताना एक करा. थोडी रक्कम शेवटच्या हप्त्याला राखून ठेवा आणि तसं आधीच मोकळेपणाने सांगा. सात दिवस पाणी मारून झालं की गवंडीदादांसमोरच ती लाकडी दांडी घेऊन छत पुन्हा ठोका. सगळीकडे ठणठणीत वाजलं की पैसे हातावर ठेवा, आणि एक कप चहा जास्तीचा!